आधी पाणी मोज

माझी धाकटी जाऊ माती तपासते. मीही तपासते, तिच्या नऊ वर्षं आधीपासून, त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर. पण शेतकरी दारातूनच विचारतात, "धाकट्या बाई आहेत का?" मी काय तिथे माश्या मारत बसलेली असते?

तिचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. दिसायला चारचौघींसारखी, बोलणं मोजकं, काम असं संथ की माझ्या चार बाटल्या ढवळून होतात तेव्हा कुठे तिची एक होते. तरी घरी सासरे विचारणार तिलाच. यंदा पडीक रानात लिंबाची रोपं लावायची ठरली, तेव्हा वाळवून चाळलेल्या मातीची पिशवी घेऊन ते प्रयोगशाळेत येऊन तिच्यासमोरच बसले. खार जास्त निघाला तर रोपं परत पाठवायची होती. मी शेजारीच होते. माझा नुसता जळफळाट झाला.

मातीत डिस्टिल्ड पाणी घालून ढवळायचं आणि मीटर बुडवायचा, की खार कळतो. आमच्या नळाचं पाणी मुळातच खारं. त्या सकाळी बाटल्या विसळायला मी एका रिकाम्या कॅनमध्ये नळाचं पाणी भरलं होतं. चिठ्ठी लावायची राहिली. धाकटीनं नेमका तोच कॅन उचलला.

मी पाहिलं. ओठांवर आलेले शब्द गिळले. चुकू दे एकदा, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. रोपं परत गेली तर गेली.

तिनं मातीला हातच लावला नाही. आधी नुसतं पाणी बीकरमध्ये घेऊन मीटर बुडवला. आकडा पाहून थबकली, पाणी ओतून दिलं, कॅनवर 'नळाचं' असं लिहिलं आणि दुसरा कॅन घेतला. कुणी भरला, का भरला, एका शब्दानं विचारलं नाही. तासाभरानं म्हणाली, "मामंजी, माती चांगली आहे. लावा रोपं."

"ते आधी नुसतं पाणी कशाला मोजलंस गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ताईंनी शिकवलंय, पहिल्याच दिवशी. पाणी मोजल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही."

मी स्वतः ते कधीच सोडून दिलं होतं, वेळ जातो म्हणून.

सासरे माझ्याकडे वळले. "म्हणजे खरी हुशार आमची थोरलीच की."

सतरा वर्षं मी या एका वाक्यासाठी झुरत होते. "बाटल्या विसळायच्यात," मी म्हणाले, आणि तो कॅन उचलून बेसिनकडे गेले.