मंदाचं माहेर, एका दिवसात जाऊन-येऊन

सांगली सोडली तेव्हा माझ्या फटफटीने असा आवाज काढला, की कृष्णाकाठचे बगळे उडाले ते थेट कर्नाटकात जाऊन बसले असावेत. मागे मंदा, माझी बायको. हळदीच्या हंगामात घरातून हलायला कुणाला सवड नव्हती, तरी आमच्या आईने तिला एक दिवस दिला होता. ‘आजच्या आज परत या,’ एवढंच बजावलं होतं. लग्नानंतर मंदाने माहेर पाहिलेलंच नव्हतं.

कराडपर्यंत आम्ही वाऱ्याला मागे टाकलं. रहिमतपूरच्या पुढे वारा पुढे गेला, कारण आमची चेन जोडणारं लॉक उडालं.

मंदा म्हणाली, “आवं, या पाणंदीनं (शेतांमधली वाट) चला. जवळ पडतंय.” गाडी ढकलत मी निघालो. ती पुढे जवळजवळ पळतच होती. “ही आमची चिंच. हितनं आमी हरभरा चोरायचो.” सांगलीत चार शब्द बोलणारी बाई इथे थांबेचना. माझ्या घामावर मात्र अर्धा एकर ऊस पिकला असता.

बांधावरच्या म्हाताऱ्याने हटकलं, “गाडी का ढकलताय, पाव्हणं?”

“व्यायाम करतोय.”

“मग बायकूला वर बसवा की!” असं म्हणून त्याने मोटारपंपाची तार काढून चेन जोडून दिली.

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सासूबाईंनी लेकीला धरलं ते सोडेचनात. भाकरी, हरभऱ्याची भाजी, खर्डा खाईपर्यंत निघायची वेळ झाली. ओटी भरल्याशिवाय लेक पाठवायची कशी? आणि घरात नारळ सापडेना. सासूबाईंनी कणगीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, नारळ जिथे कधी नसतो तिथे सगळीकडे पाहिलं.

मी बाहेर अंधारात येऊन किक मारली, दिवा लावला. प्रकाश असा लख्ख, की गोठ्यातली म्हैस उजाडलं समजून उठली. मी गाडी चटकन बंद केली आणि आत ओरडलो, “बल्ब गेलाय! आता निघता येत नाही.”

म्हशीजवळ सासरे बसलेले, पलटणीतून निवृत्त झालेले. उजेडाने त्यांचे डोळे अजून मिचमिचत होते.

“व्हय, गेलाय,” ते म्हणाले. “मी बघितला न्हवं!”

आत नारळ लगेच सापडला.

सकाळी सासऱ्यांनी सायकलवर कोरेगावहून नवं लॉक आणलं. भरली ओटी सांभाळत मंदा बसली. अशा ओटीने मागं वळून बघू नये, असं सासूबाईंनी तिला बजावलेलं.

वेशीबाहेर तिने विचारलं, “आरशात बघा की. आई हाय का अजून उभी?”

खड्ड्यांनी आरसा वर वळला होता. त्यात नुसतं आभाळ होतं.

“आहे,” मी म्हणालो.

कराड मागे पडल्यावर तिने पुन्हा विचारलं, “अजून हाय?”

“आहे की. पदर हलवतेय.”

तिने माझ्या पाठीला कपाळ टेकलं.

सांगलीच्या पुलावर मात्र तिने विचारलं नाही. मी गाडी हळू केली, अगदी पायी चालल्यासारखी. उत्तर तयार होतं.