जिवलीचं लाल भात

उधवा गावातली जिवली दर वर्षी लाल गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताचं बी पेंढ्याच्या मुड्यात राखून ठेवायची. सासूने दिलेलं बी. गावात दुसऱ्या कोणाकडे ते उरलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली, तशी नात निलम आपल्या वर्गाच्या बाईंना घेऊनच घरी आली.

"आजी, मुलांना शाश्वत शेती शिकवायचीय," जयश्रीबाई म्हणाल्या. "शाळेमागच्या वाफ्यात पेरू. दिवाळीनंतर दुप्पट परत."

जिवलीने निम्मं बी ओंजळींनी मोजून दिलं, उरलेलं आपल्या शेतात पेरलं. शेजारचा लाहू हसला, "काय गं जिवले, आता मास्तरणीला भात लावायला शिकवतेस?"

"शिकवते की! तुलाही बसवू का पहिलीत?"

पुढे ती रोज विचारी, "निलम, किती वाढलं?" निलम सांगे, "गुडघ्याएवढं." मग, "पोटरीला आलंय, आजी, आता लोंबी बाहेर पडेल."

कापणीच्या तोंडावर पाऊस कोसळला. जिवलीचं भात आडवं पडलं, लोंब्यांनाच कोंब फुटले. ती रडली नाही. शाळेत होतं ना.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती टोपली घेऊन शाळेत गेली. वाफ्याच्या जागी सिमेंटचे ब्लॉक बसवलेले होते.

"या आजी!" बाईंनी तिला हात धरून वर्गात नेलं. भिंतीवर थर्माकोलचा मोठा नकाशा होता, दाणा दाणा डिंकाने चिकटवलेला. डहाणूचा समुद्र निळा, तलासरीचे डोंगर हिरवे. वर अक्षरं: 'पारंपरिक बियाणे वाचवा'. खाली जिवलीचं नाव. "तालुक्यात पहिला नंबर! निलमनेच चिकटवलं सगळं, जुलैत."

जिवलीने डोंगरातला एक दाणा नखाने उचकटला, दाताखाली धरला. तोंडभर रंगाची कडू चव आली.

"बाई, थोडंसुद्धा उरलं नाही?"

"अहो, समुद्रालाच किती लागलं!"

निलम बाकावर मान खाली घालून बसली होती. "बाई म्हणाल्या, बक्षीस मिळेपर्यंत सांगू नको."

"आणि गुडघ्याएवढं काय वाढलं होतं गं?"



जिवली रिकामी टोपली घेऊन घरी आली. बियाण्याचा रिकामा मुडा सोडून तिने पेंढा गुरांपुढे टाकला.

संध्याकाळी निलम वही घेऊन जवळ बसली. "आजी, गृहपाठ आहे. भाताच्या पाच जुन्या जाती आजीला विचारून लिहा. त्या कशा राखायच्या, तेही."

जिवलीला अकरा माहीत होत्या.

"तुझ्या बाईंना विचार," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.