सरुमावशींनी मशीन जुंपून बघितलं

भूमच्या बाजारात बैल घ्यायचा तर आधी जुंपून बघतात. दात, शिंगं, शेपूट ठीकच; पण औताला चालतो का, ते महत्त्वाचं. हाच नियम वेल्डिंग मशीनला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली: आमच्या शेजारच्या सरुमावशी.

मावशी अंगणवाडीतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांच्या यजमानांना, आबारावकाकांना, अर्धांगाचा झटका आला. काका सावरले, पण विहाराच्या पायऱ्या चढवेनात. धरायला कठडाच नव्हता. संध्याकाळच्या वंदनेला काका खाली खुर्ची टाकून बसत आणि "मी चपला राखतो," म्हणून हसत. मावशी हसत नसत.

प्रसेनजित फॅब्रिकेशनवाला कठडा करून द्यायला तयार होता, पण त्याचा 'उद्या' काही उगवेना. मावशी रोज त्याच्या दुकानात ठाण मांडू लागल्या. शेवटी वैतागून त्यानं वेल्डिंगचा होल्डरच त्यांच्या हातात दिला. "घ्या मावशी, तुमीच जोडा!"

ही त्याची घोडचूक. पावसाळा सरेपर्यंत मावशींनी कूलरचं स्टँड, कोंबड्यांचं खुराडं आणि माझ्या सायकलचं कॅरिअर जोडून टाकलं. कॅरिअर तुटलेलं नव्हतं. पण नाद तो नाद.

मग कठड्यासाठी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरलं. जाणकार म्हणून मला सोबत नेलं. वेल्डिंगमधलं मला एवढंच कळतं, की त्याकडं बघू नये.

दुकानदार सिद्धारामनं जुन्या धाटणीचं, दोघांनाही न उचलवणारं धूड पुढं ओढलं. "ट्रॉली जोडा, पूल जोडा! नातवंडं वापरतील." मी वजनावरच भाळलो. मावशींनी पिशवीतून पातळ पाइपचा तुकडा काढला.

"मला पूल न्हाय जोडायचा, ह्यो जोडायचाय. हे आन् ते फळीवरचं बारकं, दोन्ही घरी आण. जुंपून बघते."

"मावशी, मशीन हाय, बैल न्हाय!"

"म्हणूनच. बैल निदान डोळ्यात बघतो."

अंगणात धूड सुरू झालं आणि गल्लीतले दिवे मिणमिणले. "मावशीऽ, मालिका गेली!" कुणीतरी ओरडलं. पाइपला तर उंदीर ये-जा करील एवढं भोक पडलं.

मग ते बारकं, खांद्याला पर्ससारखं अडकवता येणारं मशीन. मावशींनी करंट उतरवला, बारीक रॉड लावला, मुखवटा ओढला. दिवे जागचे हलले नाहीत. मुखवटा वर झाला तेव्हा पाइपावर गोधडीच्या टाक्यांसारखी एकसारखी ओळ उमटली होती. सिद्धारामनं धूड टेम्पोत चढवायला घेतलं.

कठडा बसला त्या संध्याकाळी सगळी गल्ली काकांच्या पावलांकडं बघत होती. मावशी मात्र उकिडव्या बसून खालच्या जोडावर नजर रोखून.

"अगं, माझ्याकडं बघ की! नवरा चढायलाय."

"तुमी पडलाव तर उचलते. ह्यो सुटला तर अब्रू जाईल."

काकांनी सगळा भार टाकला. एक पायरी. थांबले. पुन्हा भार. जोड तसूभर हलला नाही. वर पोचल्यावर काका वळून मला म्हणाले, "शेजारी, आता चपला तू राख रं!"

मी खुर्चीत बसलो. समोर तो जोड होता. वेल्डिंगकडं बघू नये एवढंच कळणारा मी, वंदना संपेपर्यंत बघतच राहिलो.