शब्बीरचाचांचा माईक

काल आमचं घाटनांदूरचं कुस्तीचं मैदान दुकानांच्या गाळ्यांसाठी मोडलं. जेसीबीनं हौद्यातली माती उपसली आणि हळद, तेल, ताकाचा तो जुना वास नाकात शिरला.

सायकली दुरुस्त करणारे शब्बीरचाचा जत्रेतल्या कुस्त्या माईकवरून सांगायचे. पार मागं उभ्या असलेल्या माणसालाही त्यांच्या आवाजातून डाव दिसायचा. एका वर्षी शेवटच्या कुस्तीत त्यांचाच पोरगा होता, अस्लम. मी हौद्याला लागूनच बसलो होतो. अस्लम समोरच्या पैलवानाखाली दबला, माती उडाली. पंच पलीकडं होते. पुढच्याच क्षणी अस्लम उसळून वर आला. शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या.

तेवढ्यात चाचा माईकवरून म्हणाले, "थांबा पंच. अस्लमची पाठ टेकलीय, म्या बघितलंय. पुढं बसलेल्यांनो, तुमी सांगा."

"न्हाई टेकली!" मैदान खवळलं. "बाप हाय का वैरी?" चपला उडाल्या.

"कुस्ती गेली," चाचा म्हणाले आणि माईक खाली ठेवला. पंचांनी त्यांचाच शब्द धरला.

ती हार आम्ही कायम चाचांच्या माथी मारली. आता चाचा नाहीत, मैदानही नाही. पाठ टेकलेली मलाही दिसली होती. 'न्हाई टेकली' असं पहिल्यांदा ओरडलो तो मीच.