नाव झाकलेले साहेब

"नाव झाकलं की माणूस खरं बोलतो," असं म्हणत आमचे शेजारी रविवारी पिशवीतून एखादं कसर लागलेलं इंग्रजी पुस्तक काढायचे. मीरा रोडला आमच्या समोरच्याच दारात राहायचे. मूळचे कोकणातले, सरकारी कचेरीत कारकून. तुमच्या ओळखीत नाणी, तिकिटं जमवणारे असतील. यांना जुन्या गोऱ्या लष्करी साहेबांच्या आठवणी लागत, त्याही टोपणनावानं लिहिलेल्या. 'एक घोडेस्वार', 'तंबूवाला' असली नावं. खऱ्या नावाचं पुस्तक फुकट दिलं तरी घेत नसत. तो साहेब म्हणे पेन्शन जाईल म्हणून जपून लिहितो.

हौस म्हणावी, तर चेहऱ्यावर तिचा मागमूस नसायचा. आठवडाभर नोकरी, रविवारी फोर्टातले जुन्या पुस्तकांचे फूटपाथ, आणि लिफ्ट बंद म्हणून चार जिने. चपला काढतात न काढतात तोच आतून आप्पांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, आवाज यायचा, "गावला काय रे?"

आप्पा तान्हे असताना त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत. कुठं पडले, कुणी माती दिली, काही कळलं नाही. कुण्या साहेबानं लिहून ठेवलं असेल, एवढ्या आशेवर आप्पांनी ऐंशीच्या घरात पाय ठेवला होता. मुलगा बिचारा डिक्शनरी घेऊन पानं धुंडाळायचा. साहेबांनी आपल्या घोड्यांची नावं लिहिली होती, शिपायांची नाही. मला संताप यायचा. ते नुसते चष्मा पुसायचे.

पुढे आप्पांनी अंथरूण धरलं. एका रविवारी मी डोकावलो, तर हे उशाशी बसून पुस्तकातून मराठीत वाचून दाखवत होते. कोकणातला एक उंच शिपाई तापानं गेला. शेवटपर्यंत तान्ह्या पोराची आठवण काढत होता. नदीकाठी आम्ही त्याला मानानं पुरलं.

मी त्यांच्या पाठीमागेच उभा होतो. उघडलेलं पान घोड्यांच्या चाऱ्याबद्दल होतं.

आप्पांनी कसेबसे हात जोडले. "कुनी लिवलान ह्ये?"

"नाव नाही घातलं त्यानं, आप्पा."

"भला मानूस," असं म्हणून आप्पांनी डोळे मिटले. हे मात्र पुस्तक मांडीवर घेऊन तसेच बसले होते, आणि मला बघून त्यांनी मान खाली घातली.