वनराजाच्या वतीने

कोणत्याही झाडाजवळून पुढे जाण्याआधी अक्का बोट वाकवून बुंध्यावर दोनदा टकटक करीत आणि मान तिरकी करून उभ्या राहत. सोबत असलेल्यालाही मग उभे राहावे लागे. कचेरीच्या फाटकाशी, भर रहदारीत, माझ्या टेबलावर सावली धरणाऱ्या झाडाच्या बाबतीतही त्यांनी हा नियम कधी मोडला नाही. "उत्तर यायला स्वल्प वेळ द्यावा लागतो, रायटर," असे त्या म्हणत. वाचकहो, अशी माणसे तुमच्याही पाहण्यात आली असतील. त्यांना वेडे ठरवण्याची घाई करू नये, एवढेच मी अनुभवाने सांगतो.

मी व्यवसायाने अर्ज लिहिणारा. शिक्षण सातवीपर्यंत; परंतु बेंगळुरूच्या पूर्वेकडील त्या सरकारी कचेरीत माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव परत आल्याचे एकही उदाहरण नाही. घरात मराठी, अर्जात कानडी, अशी आमच्या घराण्याची कित्येक पिढ्यांची रीत. अक्षर पाहून माणूस ओळखण्याविषयी माझी विशेष ख्याती होती. हे आत्मस्तुती म्हणून नव्हे, पुढील हकीकतीस आवश्यक म्हणून नमूद करतो.

अक्काही आमच्यासारख्याच बेंगळुरूच्या मराठी. एका इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, सर्वांच्या अक्का. मराठी अस्खलित बोलत. लिहिता मात्र फक्त कानडी आणि इंग्रजी येई. होसकोट्याच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांनी राखलेले सिल्व्हर ओक आणि फणसांचे रान होते. त्यात त्यांनी कुटुंबांनी मुलाबाळांसह फिरावे अशी एक पायवाट आखली होती. शाळेत वर्षानुवर्षे वाचून दाखवलेल्या जुन्या इंग्रजी अद्भुतकथा त्यांनी त्या रानात मांडल्या होत्या. झाडांच्या मुळाशी वीतभर उंचीची रंगीत दारे, पुलाखाली झोपलेला सिमेंटचा राक्षस, आणि वाटेच्या शेवटी एक रिकामी दगडी खुर्ची. ती वनराजाची. वनराज कोणाला दिसत नाही, अशी कथा.

त्या प्रथम माझ्याकडे आल्या त्या रानाजवळ बस थांबावी या मागणीच्या अर्जासाठी. मी चार परिच्छेदांचा, सप्रमाण अर्ज लिहिला. सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या आणि झाडावर टकटक करून म्हणाल्या, "रायटर, तुमच्या अर्जांना कधी कोणी उत्तर देतं का हो?"

"उत्तर देणे हे सरकारचे काम आहे, अक्का. माझे काम विचारणे."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे उत्तर कसं असावं हे तुम्हाला ठाऊक नसणार."

हा टोमणा मला लागला. मी म्हणालो, उत्तर कसे असावे हे ज्याला आयुष्यात एकदाही मिळाले नाही त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? त्या मोठ्याने हसल्या आणि गेल्या.

त्याच सुमारास कचेरीसमोर संगणकावर अर्ज करून देणारी दोन दुकाने निघाली. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. लोकांना छापील अक्षर अधिक सरकारी वाटू लागले होते. माझ्या टेबलासमोरची बाकडी रिकामी झाली. मी दुपारीच घरी येऊ लागलो, आणि घरात माझे कोणाशी पटेना.

अशा एका शनिवारी अक्का कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत कागदाचे तुकडे होते. वनराजाच्या खुर्चीशेजारी त्यांनी एक टपालपेटी लावली होती म्हणे, आणि मुले तिच्यात राजाला पत्रे टाकत होती. "आता राजाला रायटर नको का?" त्या म्हणाल्या. "दर शनिवारी आणते. उत्तरं लिहा. पण रानात येऊ नका हां. राजा दिसला की गोष्ट संपते."

मी हे काम ज्या गांभीर्याने केले त्या गांभीर्याने मंत्रालयातही होत नसेल. पहिलेच पत्र होते, आमच्या मांजराला बोलता यावे. मी लिहिले: "आपला अर्ज पावला. मांजरास वाचा देण्याचा विषय या दरबाराच्या अखत्यारीत येतो. तथापि अर्जासोबत मांजराची संमती जोडलेली नाही. सबब ती घेऊन पुनश्च अर्ज करावा. वनराजाच्या वतीने," आणि खाली माझी सही. गणिताचा तास रद्द करण्याची विनंती मी फेटाळली, पण कारणे देऊन. एका पत्रात एवढेच होते: "माझे अप्पा घरी असतात पण बोलत नाहीत." त्यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी लिहिले, "प्रकरण गंभीर आहे. सदर गृहस्थास समज देण्यात येईल. तोपर्यंत अर्जदाराने धीर सोडू नये."

पत्रे सर्व मराठीत होती. बेंगळुरूची मुले मराठीत का लिहितील, हा प्रश्न मला दीड वर्षात एकदाही पडला नाही. राजाचा रायटर मराठी म्हणून प्रजाही मराठी, इतके ते मला साहजिक वाटले.

मग पुण्याहून बायकोचा भाचा इंदिरानगरला कॉम्प्युटरच्या नोकरीवर आला. त्याला आणि त्याच्या मुलीला ती वाट पाहायची होती. माझी मुलगी सुमा दर रविवारी तिथे मुलांना वाट दाखवायला जाईच. मनाई असूनही मी निघालो. आपले खाते एकदा पाहुण्यांस दाखवावे, हा मोह आवरला नाही.

"काका, सो क्यूट!" भाचा प्रत्येक दारापाशी म्हणत होता. "पण बोर्ड सगळे इंग्लिश आणि कन्नडमध्ये आहेत. मराठीत एकपण नाही?"

मी ऐकले न ऐकलेसे केले. खुर्चीपाशी तांबड्या रंगाची पेटी दिसली तेव्हा माझा ऊर भरून आला. भाच्याची मुलगी सात वर्षांची. तिने वाटेतच मराठीत पत्र लिहून ठेवले होते. टाचा उंचावून ती पेटीला भिडली, मग मागे वळून म्हणाली, "आजोबा, हिला फटच नाहीये."

मी हात फिरवला. तो लाकडाचा भरीव ठोकळा होता. फट रंगाने काढलेली होती.

मागून टकटक ऐकू आली. अक्का एका ओकापाशी उभ्या होत्या. मला पाहून त्या उत्तराची वाट न पाहता पुढे आल्या; असे मी प्रथमच पाहिले.

"स्वल्प थांबा, रायटर. सांगते."

"मग ती पत्रे कोणी लिहिली?"

त्या सुमाकडे पाहत राहिल्या. सुमा जमिनीकडे पाहत होती.

"मीच, अप्पा. डाव्या हाताने."

"कशासाठी?"

"तुम्ही जेवत नव्हता. आईवर ओरडत होता. मी अक्कांपाशी रडले. त्यांनी ही युक्ती काढली."

साऱ्या तालुक्याची अक्षरे ओळखणाऱ्या मला घरातले अक्षर ओळखता आले नव्हते. उजव्या हाताचेही ओळखले असते का, याची मला आज खात्री नाही.

"सगळी खोटी?" मी विचारले.

"एक खरं होतं," सुमा म्हणाली. कोणते ते मी विचारले नाही.

"तुमची उत्तरं वाया गेली नाहीत हो," अक्का घाईने म्हणाल्या. "पुलावर बसून मुलांना वाचून दाखवते मी, सुमाकडून कानडीत करून घेऊन. किती हसतात म्हणून सांगू!"

"हसतात?"

त्यांना चूक कळली असावी, कारण त्यांनी पदर तोंडाशी धरला. मी हात जोडले आणि पाहुण्यांना तिथेच सोडून मागच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. रानाशी बस थांबत नव्हतीच.

वाचकहो, दया ही समोरून करावी. पाठीमागून केलेली दया फसवणुकीहून निराळी कशी ओळखावी, हे मला तेव्हा समजले नाही. त्यानंतर मी अक्कांचे तोंड पाहिले नाही. त्या दोनदा कचेरीपाशी येऊन गेल्या. त्यांची टकटक ऐकून मी आत साहेबांकडे गेलो. सुमा रविवारी जात राहिली. "अप्पा, अक्का विचारतात, राजा कधी येणार?" मी सांगितले, "राजा रजेवर आहे म्हणावे."

पुढल्या वर्षीच्या थंडीत अक्का तापाने गेल्या. पुतण्यांनी रान विकले आणि कारखान्याच्या शेडसाठी झाडे तोडली गेली. त्या दिवसांत सुमाने रिक्षातून एक जड वस्तू घरी आणली. ती तांबडी पेटी होती.

"हिला फट आहे," मी म्हणालो.

"तुम्ही निघून गेलात त्याच आठवड्यात त्यांनी सुतार बोलावून ठोकळा पोखरून घेतला. कुलूपसुद्धा लावलं. ही किल्ली. म्हणाल्या, रायटरशिवाय कोणी उघडायची नाही."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"राजा रजेवर होता ना, अप्पा."

मी किल्ली फिरवली. आत कागद ठासून भरले होते, कानडी आणि इंग्रजी, पावसाने एकमेकांना चिकटलेले. खालचे कसरीने खाल्ले होते. कित्येकांवर शाई पसरून फक्त निळे डाग उरले होते. वरचे एक वाचता आले. कानडीत, पेन्सिलीने, एका मुलीने लिहिले होते: "राजा गावाला गेलाय का? मी तीनदा येऊन गेले."

मी तो कागद टेबलावर सरळ केला आणि वरच्या कोपऱ्यात सवयीने 'पावले' असे लिहिले. मग उत्तर कोठे पाठवावे हे पाहण्यासाठी कागद उलटला. खाली नाव होते, पत्ता नव्हता. रानातल्या राजाला आपला पत्ता ठाऊकच असणार, तो कशाला सांगायचा, असे तिला वाटले असावे.