शेंगदाण्याच्या तेलातलं तळं

तैलरंगात तळं आणि डोंगर काढायला मी पन्नाशीनंतर शिकलो, आणि त्यापायी कित्येक महिने अक्काशी खोटं बोललो. अक्का माझी थोरली बहीण, रावेरला एकटी राहते. दर रविवारी मी जळगावहून तिच्याकडे जेवायला जायचो. चित्रकलेचा क्लासही रविवारीच. मग फोनवर सांगू लागलो, "डाळमिलमध्ये काम निघालंय, मालक सोडत नाहीत." या वयात क्लास लावल्याची लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला तिच्याकडे जायचा कंटाळा आला होता. तेच गुडघेदुखीचं बोलणं, तीच लांबत जाणारी दुपार.

क्लासमध्ये मात्र दुपार कधी सरायची ते कळत नसे. आधी आभाळ, मग लांबचा डोंगर फिका, जवळचा गडद, शेवटी पाणी. माझा पहिला डोंगर हिरवागार झाला. सर म्हणाले, "काका, हा सातपुडा आहे की केळीची बाग?" सातपुडा मी जन्मभर पाहत आलो, उन्हाळ्यात तो निळसर राखाडी दिसतो, हे तेव्हा कळलं.

मनाला टोचत होतं म्हणून एक चित्र अक्कासाठीच काढायला घेतलं. रावेरकडचं धरणाचं पाणी, मागे डोंगर. घरी पाणी रंगवताना जवसाचं तेल संपलं. रंग पातळ करायला तेलच तर लागतं, असं म्हणून स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल घातलं. रंग सुरेख पसरला. पुढे आभाळ वाळलं, डोंगर वाळले, पाणी काही वाळेना. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवलं तरी नाही.

अशात एक दिवस अक्का न कळवता आली. कुरडया वाळल्या का बघायला बायकोबरोबर गच्चीवर गेली. चित्र कुणाचं, हे बायकोने सांगून टाकलं. अक्का खाली आली ती निळं बोट घेऊन.

"काय रे भाऊ, मिलमधी डाळ निळी निघू राह्यली का?"

मी सगळं सांगितलं. कंटाळ्याचंही तोंडातून निघून गेलं. बायको उठून आत गेली. अक्का फडक्याने बोट पुसत राहिली.

"मले नाही येत का माहा कंटाळा? मी कुठी जाऊ मंग?" फडकं बाजूला ठेवून म्हणाली, "तुहे रंग घेऊन ये. तिथीच काढ. मी बोलत नाही."

ती बोलतेच. क्लास मी शनिवारवर नेला. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, हे सरांनी सांगितलं; मग ओलं पाणी टर्पेंटाइनने पुसून काढलं आणि तिच्या ओसरीवर बसून, जवसाच्या तेलात, नव्याने रंगवलं.

"चटणीच्या जवसाचं तेल वाळतं, अन् भज्याचं नाही. आसं कसं?"

शेजारच्यांचं, गुडघ्यांचं ऐकत मी पाण्यात डोंगराची सावली उतरवत होतो, आणि दुपार बरी जात होती.

दर रविवारी चहा ठेवण्याआधी ती चित्राच्या कोपऱ्यातल्या पाण्यावर बोट टेकवून बघायची. परवा बोट कोरडं निघालं. तिने पुन्हा एकदा टेकवून बघितलं.

"वाळलं," म्हणाली. मग म्हणाली, "आता दुसरं घे. मोठं काढ."

मोठा कॅनव्हास मी आणलेलाच होता. बसमध्ये नेता येईना, म्हणून मोटारसायकलला बांधून.